रिद्धीच्या लग्नाची सीडी

"टेबलावर ठेवू नका, तिथे कामं पडली आहेत," असं मी दोनदा सांगितलं, तरी नरहरीकाकांनी ते धूड ठेवलंच. जुन्या चादरीत गुंडाळलेला भलामोठा सीपीयू, निर्मळ गावाहून स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून आणलेला. त्यांच्यामागून सुभद्राकाकू आत आल्या. त्यांच्या हातात रुमालात बांधलेली एक सीडी होती. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की हे यंत्र आजच्या आज सुरू झालं पाहिजे, कारण उद्या अकरा वाजता तहसील कचेरीतून सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, पाहणीला येणार आहेत.

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. ते तसं रोजच तापतं. नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि लोक माझ्याकडे यंत्र मेल्यावर येतात. जिवंत असताना कोणी साधी धूळ पुसत नाही. वर्षानुवर्षं पलंगाखाली टाकलेली वस्तू आणून आपटतात आणि म्हणतात, जितूदादा, कालपर्यंत चालू होता. असं खोटं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझी बायको सुमेधा म्हणते, दुकानावर पाटी लाव, दुरुस्तीसोबत शिव्या फुकट.

"कालपर्यंत चालू होता," काका म्हणाले.

मी विचारलं, शेवटची सीडी कधी लावली होती. काका काकूंकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, आमचा मुलगा केयूर पुण्याला गेला त्याच्या आधी. म्हणजे सहा वर्षं झाली. मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. काकांनीही ऐकून घेतलं नाही. तेही रागीटच माणूस, सत्तरीला टेकलेले, पण आवाज असा की पलीकडचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. आपसात ती दोघं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी भांडली. ती मला अजून निम्मीच कळते. माझे वडील रत्नागिरीकडून इथे फ्लॅट घेऊन आले, त्यामुळे चाळीस वर्षं राहूनही मी इकडच्या लोकांसाठी बाहेरचाच.

मग काकूंनी रुमाल सोडला आणि मी सीडी हातात घेतली. सीडीवर गुलाबाच्या चित्रात रिद्धीचं नाव, नवऱ्या मुलाचं नाव, साल २००८, आणि खाली 'जितू व्हिडिओ, नालासोपारा (प.)'. माझंच काम होतं ते. दुरुस्तीत पडायच्या आधी बारा वर्षं मी लग्नांचं शूटिंग केलं. अर्नाळ्यापासून वसईपर्यंत, देवळातली आणि चर्चमधली, शेकड्यांनी लग्नं मी डोळ्याला कॅमेरा लावून पाहिली आहेत. रिद्धी ही काकांची मुलगी. तिचा चेहरा काही मला आठवेना.

त्यांना सीडी कशाला हवी होती, ते काकांनी सांगितलं. सांगताना टेबलावर मूठ आपटत होते. त्यांची मोगऱ्याची आणि जुईची बाग आहे. बागेला पाणी मिळतं ते वाडीच्या टोकाला असलेल्या सामाईक विहिरीचं. घरापासून विहिरीपर्यंत जायला पाच फूट रुंद वाट, भावाच्या हिश्शाच्या जमिनीतून. भाऊ वारला. त्याचा मुलगा प्रितेश जागांची दलाली करतो. होळीनंतर एका आठवड्यात त्याने वाटेत आडवी भिंत घातली. पंप तिकडे, बाग इकडे. सातबाऱ्यावर काकांचा विहिरीत हिस्सा आहे, पण वाट नकाशात नाही. प्रितेशने लेखी दिलं होतं की इथून वहिवाट कधी नव्हतीच. काका भांडायला गेले तेव्हा म्हणाला, विहिरीत हिस्सा आहे ना तुमचा, मग वरून, आभाळातून या.

"आणि आजूबाजूचे?" मी विचारलं.

"भाऊबंदकीत कोण पडतो?" काका म्हणाले. "ज्यांनी बघितलंय ते गेले. जे हायत ते त्याच्याकडे कामाला. मोगरा वाळला अर्धा. बागेला टँकर कोन देनार?"

त्यांच्याकडे लग्नात हळदीच्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीची पूजा करतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. रिद्धीच्या लग्नात ती सगळी मिरवणूक याच वाटेने गेली होती, आणि मी ती शूट केली होती. शिवाय बँडच्या पुढे नाचायला चौदा वर्षांचा प्रितेश होता. ज्याने लिहून दिलं वाट नव्हती, तोच त्या वाटेवर नाचताना सीडीत दिसणार. मला एकदम तरतरी आली. खोटारड्याला तोंडावर पाडायची अशी संधी माझ्या धंद्यात रोज येत नाही. मी बाकीची कामं बाजूला सारली.

सीडीचा ड्राइव्ह हल्ली माझ्या मशीनलाही नाही, म्हणून त्यांचाच सीपीयू सुरू केला. ड्राइव्हचं बटण दाबलं तर आतून नुसती घरघर, ट्रे बाहेर येईना. ट्रेच्या दाराला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसली की तो हाताने ओढता येतो. ओढला. ट्रेबरोबर सात-आठ तांदळाचे दाणे बाहेर आले आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. आत वाकून पाहिलं तर ज्या भिंगातून सीडी वाचली जाते त्याच्यावर लाल लेप. मी वर पाहिलं. काकू पदर सावरत होत्या.

"दसऱ्याला," त्या म्हणाल्या. "कोयता, कुदळ, पंप, स्कूटर, सगळ्याची करते, तशी याची. केयूरने बटन दाखवलेलं. दाबलं की ताट बाहेर येतं. त्यात हळदकुंकू, अक्षता, फूल ठेवायचं. परत दाबलं की आत घेतं. दुसरं कुठलं यंत्र असं स्वतःहून घेतं?"

"आणि सीडीला?"

"तिलाही. चकचकीत बाजूला लावते. दुसऱ्या बाजूला रिद्धीचं नाव आहे ना, त्याच्यावर कसं लावायचं?"

मी सीडी उलटी केली. बरोबर मध्याच्या बाजूला, बोटाएवढे कुंकवाचे ठिपके, एकावर एक. मी कपाळावर हात मारला आणि पुष्कळ बोललो. यंत्र म्हणजे देव नव्हे, चकचकीत बाजू हीच खरी सीडी, वरचं नाव गेलं असतं तरी चाललं असतं, एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या मुलाने आईला सांगू नये का. काकू ऐकत राहिल्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा होते, आणि केयूर त्याच्यावरच शिकला. मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

तीन तास गेले. ड्राइव्ह खोलला, दाणे काढले, भिंग स्पिरिटच्या कापसाने पुसलं. सीडी कोमट पाण्यात साबणाने धुतली आणि मऊ कपड्याने मधून कडेकडे पुसली; गोल पुसली की ओरखडे पडतात. ड्राइव्ह फिरला. गाण्यांची सीडी वाजली, पण ही लावली की पडद्यावर एकच निरोप, चालवता येत नाही. मग लक्षात आलं की केयूरच्या कोणा मित्राने त्यात नवी सिस्टम टाकून ठेवली होती, आणि तिच्यात असल्या सीडीचा सिनेमा दाखवायची सोयच नाही. दुसरा प्लेअर टाकला. चित्र आलं आणि गोठलं. कुंकवाच्या जागी अडकत होतं. मग सगळ्या फायली उतरवून घेतल्या, जिथे अडेल तिथे पुढे सरकत. काका दर पाच मिनिटांनी विचारत होते, झालं का. मी दर पाच मिनिटांनी खेकसत होतो. साडेचारला चित्र सुरळीत चालायला लागलं.

अंगण दिसलं. मांडव, हळदीचं पातेलं, केळीचे खुंट. काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि बोटाने एकेकीला ओळखायला लागल्या. ही गेली, ही पण गेली, ही आता वसईला मुलीकडे असते. काका म्हणाले, गप बस, वाट येईल आता. बायकांनी डोक्यावर कळशा घेतल्या. बँडवाल्यांनी सुरुवात केली. सगळे अंगणातून वळले, आणि पडदा निळा झाला.

निळ्या आकाशाखाली बर्फाचे डोंगर आले. परदेशातले. त्यांच्यावर हृदयाच्या आकाराची चौकट फिरत आली आणि तिच्यात एका बाईचा चेहरा. मग दुसरी चौकट, दुसरा चेहरा. मधे एक धबधबा. वरून गुलाबाच्या पाकळ्या. अकरा सेकंद हे सगळं चाललं, आणि त्यानंतर रिद्धी पाटावर बसलेली, तिच्या डोक्यावर पाणी पडत होतं.

काकांनी मागे घ्यायला सांगितलं. मी घेतलं. परत डोंगर. पुढे घ्यायला सांगितलं. पाटावर रिद्धी. वाट नाही, विहीर नाही, प्रितेश नाही. काकांचा चेहरा बदलत गेला आणि ते काकूंवर उलटले. आता मला त्यांची बोली कळत होती. तुझ्या कुंकवाने खाल्लं ते, दर वर्षी चोपडत बसलीस, तूच घालवलीस वाट, तूच बाग मारलीस.  काकू रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, माझ्याच हाताने झालं, मला काय माहीत.

मी गप्प होतो. खरं सांगायचं तर मिनिटभर तरी गप्प होतो. मला कळलं होतं काय झालंय, आणि मी काही बोललो नसतो तर जन्मात कोणाला कळणार नव्हतं. दोष आपसूक एका म्हातारीच्या बोटांवर गेला होता आणि ती तो घेऊन घरी जाणार होती. ते मिनिट आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

"काकू, कुंकवाने काही झालेलं नाही," मी म्हणालो. "ते मी कापलंय."

त्या वर्षी मी मिक्सिंगसाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यात डोंगर होते, धबधबे होते, बारा तऱ्हेची हृदयं होती. सगळ्यांना तेच हवं असायचं, किंवा मला वाटायचं की तेच हवं आहे. मिरवणुकीचं शूटिंग वीस मिनिटांचं होतं. वाटेच्या एका बाजूला शेणाचा उकिरडा, दुसऱ्या बाजूला केळीचा पालापाचोळा, खाली चिखल. मी ते पडद्यावर पाहिलं आणि मला वाटलं, यात बघण्यासारखं काय आहे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मी वाट पुसली आणि तिथे बर्फ टाकला. आणि ते करून मला अभिमान वाटला होता.

काकांनी विचारलं, मूळ कॅसेट कुठाय. मी माळ्यावर चढलो, खरं तर माहीत असूनही चढलो. खोक्यात ती होती. 'रिद्धी हळद' असं लिहून खोडलेलं आणि त्याच्यावर 'ॲल्रॉय-जोआना रिसेप्शन'. सीडी दिली की पंधरा दिवसांनी आम्ही त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचो. सगळेच असं करायचे. मी ते लेबल काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पुरतं वाचलं.

तेवढ्यात काकांच्या मोबाइलवर केयूरचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "दादा, आता एआय आहे ना. आई-बाबांचा जुना फोटो टाका, वाडीचा टाका, बनवून द्या दोन मिनिटांचा व्हिडिओ. सर्कलला काय कळतंय?" मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा नसलेला डोंगर टाकून मी असलेली वाट घालवली होती. आता नसलेलं चित्र टाकून ती परत आणायला सांगत होता. उद्या प्रितेशच्या वकिलाने ते ओळखलं असतं तर म्हातारा-म्हातारी खोटी ठरली असती, आणि वाट कायमची गेली असती. मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी तो बंद केला.

"तुला कोणी सांगितलं होतं रे?" काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आमची वाट तुला घाण दिसली?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. काकू उठल्या. जाताना त्यांनी सीडी परत रुमालात बांधून घेतली. सीपीयू तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. साडेदहाला निर्मळला गेलो. वाडीत पाचसात माणसं जमली होती, त्यांच्यात दोन पंच. भिंत मी पहिल्यांदाच पाहिली. छातीच्या वर, अजून रंग न लावलेली. तिच्या अलीकडे मोगऱ्याच्या ओळी होत्या. पहिल्या दोन हिरव्या, बाकी तपकिरी. काका माझ्याकडे बघून दुसरीकडे वळले. प्रितेश हसला. मी त्याच्या ऑफिसातली सगळी मशीनं सांभाळतो, त्याला वाटलं मी त्याच्याकडूनच आलोय.

सर्कल मॅडम वेळेवर आल्या. तरुण होत्या, हातात फायलीचा पॅड. त्यांनी काकांना पुरावा विचारला. काका म्हणाले, नाय. मॅडमनी अर्ज चाळून विचारलं की व्हिडिओ आहे असं लिहिलंय. प्रितेश मधेच बोलला, "दाखवा की. आम्हीपण बघू." त्याला बातमी पोचली होती. नाक्यावर काही लपत नाही.

मी पुढे झालो आणि सांगितलं, व्हिडिओ मी घेतला होता, मीच तो भाग कापला, पण ती वाट मी पाहिली आहे आणि माझा जबाब घ्या. प्रितेशचं हसू गेलं. तो मॅडमना म्हणाला, हा बाहेरचा माणूस, याचा इथे काय संबंध. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, जितूदादा, उद्यापासून आमच्याकडे येऊ नका. मी म्हटलं, नाही येणार.

मॅडमनी सरळ प्रश्न केला. इतकी वर्षं झाली, तुम्ही शेकडो लग्नं केलीत, हीच वाट कशी आठवते. वाजवी प्रश्न होता. मी म्हणालो, "मॅडम, नवरीचा चेहरा मला आठवत नाही. जमीन आठवते. वरात अंगावर येत असते आणि कॅमेरावाला तिच्यापुढे उलटा चालतो. डोळा कॅमेऱ्यात, मागचं दिसत नाही. टाचेनेच वाट ओळखावी लागते. इथे मी पडता पडता वाचलो होतो."

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मी अंगणाच्या तोंडाशी गेलो, सगळ्यांकडे तोंड केलं आणि उलटा चालायला लागलो. पहिल्यांदा वाटलं, चोपन्न वर्षांच्या माणसाने हा काय पोरखेळ मांडलाय. पण कोणी हसलं नाही. काकू मोगऱ्याच्या ओळीपाशी उभ्या होत्या. नकळत त्या दोन पावलं माझ्यासमोर चालत आल्या, जशा बायका आल्या होत्या. उजव्या हाताला उकिरडा होता, आता तिथे गवत. सतरा, अठरा, एकोणीस पावलं. विसाव्याला डावी टाच गवताखालच्या दगडाला लागली. मी थांबलो आणि म्हणालो, इथे खणा.

एका पंचाने कोयत्याने गवत आणि माती बाजूला केली. पाटाच्या पाण्यावर टाकलेला लांबट दगड होता, मधोमध झिजलेला, पाय पडून पडून जसा दगड झिजतो तसा. मॅडम खाली बसून त्याचा फोटो काढायला लागल्या.

"याच दगडाला मी अडखळलो," मी म्हणालो. "समोर हा नाचत होता. नाचता नाचता पुढे आला आणि माझं कोपर धरलं. म्हणाला, सांभाळून काका, मागे दगड आहे. प्रितेश, तूच म्हणालास."

 प्रितेश नाही म्हणाला असता तर मी त्याला तिथेच काहीतरी बोललो असतो, पण तो नाहीही म्हणाला नाही. दगडाकडे बघत उभा राहिला. नरहरीकाका त्याच्याकडे बघत होते.

मॅडमनी सांगितलं, पुढे चला. मी दगड ओलांडला आणि मागे जात राहिलो. चोवीस, पंचवीस. सव्विसाव्या पावलाला भिंत पाठीला लागली. उन्हाने तापली होती, शर्टातून चटका बसला.

"पुढे?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

"अजून साठ पावलं," मी म्हणालो. "मग विहीर."

त्यांचं लिहून होईपर्यंत मी तसाच भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.